इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० की २०डब्ल्यू-५०? पुस्तक एक सांगतं, मिस्त्री दुसरंच

सावदेकर_दहाचाकी | रविवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. गाडी दहाचाकी, बीएस-४, २०१८ चं पासिंग, एमएच १९. सहा सिलिंडरचं कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल) इंजिन, ५ लाख ४० हजार किमी झालेत, इंजिन अजून खोललेलं नाही. धंदा केळीचा. सावदा-रावेर पट्ट्यात माल भरायचा, बऱ्हाणपूर-खंडवा-इंदूर करत दिल्लीला आझादपूर मंडीत खाली करायचा, येताना मिळेल ते भाडं.

भानगड अशी झाली. मागच्या फेरीला भरल्या गाडीनं भेरूघाट चढलो आणि सिमरोलला चहाला थांबलो. गाडी आयडलवर होती आणि ऑइलचा लाल दिवा मिणमिण करायला लागला. एक्सलेटरवर जरा पाय ठेवला की विझतो, पाय काढला की परत. दिल्लीपर्यंत जीव मुठीत धरून गेलो.

घरी आल्यावर मिस्त्रीला दाखवली. तो म्हणे, "पंधरा-चाळीस पाण्यासारखं झालंय भो. उन्हाळा ४६ वर गेला. वीस-पन्नास टाक, दिवा गेला समज." पुस्तकात १५डब्ल्यू-४०, दर्जा सीआय-४ प्लस असं स्पष्ट लिहिलंय. पण मिस्त्री वडलांच्या वेळेपासूनचा, त्याचं मन मोडवत नाही. चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) १८ लिटर लागतं. वीस-पन्नासची बादली आणूनसुद्धा ठेवलीय. टाकू का?

अमळनेर_डाळमिल | रविवार, रात्री १०.०५

बिनधास्त टाका. माझी २००४ ची सहाचाकी आहे, जुना डिझेल पंप, धूर काळा, मन मोठं. सहा वर्षं झाली वीस-पन्नासवर चालतेय. आधी दर फेरीला लिटर-दीड लिटर ऑइल खायची, आता अर्ध्यावर आलंय. आमच्या उन्हात पातळ तेल टिकत नाही, हे सांगायला पुस्तक कशाला पाहिजे?

भुसावळ_बल्कर | रविवार, रात्री १०.३०

दीपनगरच्या वीज केंद्रातून राख भरतो मी, बल्कर आहे. बीएस-६. आमच्याकडे कंपनीच्या माणसानं पहिल्या सर्व्हिसलाच दम दिलाय की लिहिलंय त्याशिवाय दुसरं टाकायचं नाही. का, ते सांगितलं नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा.

तापीकाठचा_इंजिनिअर | सोमवार, सकाळी ७.१५

काही वर्षं ऑइल तपासणीच्या लॅबमध्ये काढलीत, म्हणून जरा लांब लिहितो.

डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. वजन नव्हे. (मी स्वतः डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापर्यंत वेट समजत होतो, हसू नका.) डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. १५डब्ल्यूची सेल्फ मारून बघायची चाचणी उणे २० अंशाला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. आपल्याकडे जानेवारीत रावेर-यावलला पारा ७-८ वर आला की केळी करपते म्हणून आपण रडतो. इंजिनासाठी ती थंडी म्हणजे काहीच नाही. त्यामुळे खानदेशात १५ आणि २० मध्ये गाडी चालू होण्या-न होण्याचा फरक पडत नाही. फरक पडतो तो पहाटे सेल्फ मारल्यावर ऑइल टर्बोपर्यंत पोचायला किती वेळ लागतो त्यात. जाड तेलाला जास्त लागतो.

डब्ल्यूच्या नंतरचा आकडा महत्त्वाचा. ऑइल १०० अंश सेल्सिअसला किती जाड राहतं त्याचा हा वर्ग. मोजतात सेंटिस्टोकमध्ये. साधं पाणी २० अंशाला १ च्या आसपास भरतं. एसएई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या जे३०० तक्त्यात ४० नंबरला १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरला १६.३ ते २१.९. म्हणजे ४० च्या वरच्या टोकाचं एखादं ऑइल आणि ५० च्या खालच्या टोकाचं एखादं यांच्यात केसाएवढाच फरक असू शकतो. दुकानात मात्र दोन वेगळ्या जाती असल्यासारखं बोलतात.

आता ४६ अंशाचं बघू. बाहेर ४६ आहे म्हणून इंजिनात ऑइल ४६ ला नसतं. थर्मोस्टॅट कुलंटला साधारण ८५ ते ९५ मध्ये धरून ठेवतो आणि चेंबरमधलं ऑइल ९५ ते ११० च्या घरात फिरतं. मे महिन्यातही आणि मार्गशीर्षातही. १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशाला साधारण ११० सेंटिस्टोक असतं, १०० ला पोचेपर्यंत १४-१५ वर येतं. सात-आठ पट पातळ. ते तसंच व्हायला पाहिजे, इंजिन बनवणाऱ्यानं बेअरिंगमधली फट त्याच हिशेबानं ठेवलेली असते. उन्हामुळे यात भर पडते ती घाट, भरती आणि घाण रेडिएटर एकत्र आले तर, पाच-दहा अंशांची. दादा, कापसाच्या सीझनला जिनिंगचं भाडं मारता का? रेडिएटर आणि इंटरकूलरच्या मधल्या सांदीत टॉर्च मारून बघा. मी एकदा तिथून मूठभर नव्हे, उशीभर कापूस निघालेला पाहिलाय.

आणखी एक. बेअरिंगमध्ये चिरडलं जाताना ऑइल किती टिकतं त्याची वेगळी चाचणी १५० अंशाला होते. तिथे १५डब्ल्यू-४० ला कमीत कमी ३.७ आकडा लागतो. २०डब्ल्यू-५० ला? तोच, ३.७. तळाची अट दोघांना एक.

अमळनेर_डाळमिल | सोमवार, सकाळी ८.०२

इंजिनिअर साहेब, तुमचं सगळं खरं. पण माझी गाडी निम्मं ऑइल खाते हे पण खरं. मग?

तापीकाठचा_इंजिनिअर | सोमवार, सकाळी ८.४०

तेही खरंच आहे. तुमची २००४ ची गाडी, रिंगा आणि लायनर घासलेले, फटी मोठ्या झालेल्या. जाड ऑइल रिंगांच्या बाजूनं कमी वर चढतं, म्हणून कमी जळतं. इंजिन बांधायला पैसे होईपर्यंत काढलेले दिवस आहेत ते, काढा. जुन्या पंपाच्या कितीतरी इंजिनांच्या पुस्तकात तापमानाचा तक्ता असतो आणि त्यात गरम मुलखासाठी २०डब्ल्यू-५० चालतं असंही असतं. तुमचं पुस्तक उंदरांनी खाल्लं नसेल तर बघा.

पण कॉमन रेलच्या, टर्बोच्या गाडीला तोच न्याय लावू नका.

आबा_धुळे | सोमवार, दुपारी २.२०

एसटीच्या कार्यशाळेत हयात गेली माझी. आता नातू टाइप करतोय, चुका त्याच्या.

आमच्या वेळेला सरळ ४० नंबर ऑइल यायचं, मागे-पुढे काही नाही. थंडीच्या दिवसात पहाटेच्या गाडीला सेल्फ कमी पडायचा, मग चार जण लोटायला. पंधरा-चाळीस आलं तेव्हा आम्हीच म्हणालो होतो, हे पातळ तेल गाड्यांची वाट लावणार. वाट लागली नाही. तेव्हा मिस्त्रीला हसू नका, आम्ही पण तेच बोललेलो आहोत.

सावद्याच्या पोरा, दिवा लागला म्हणजे प्रेशर कमी, एवढंच दिव्याला कळतं. का कमी, ते त्याला कळत नाही. पंप दर फेऱ्याला ठरलेलं तेल ढकलतो. पुढे अडवणूक जास्त तर प्रेशर जास्त, अडवणूक कमी तर प्रेशर कमी. तेल जाड केलं की अडवणूक वाढते, काटा वर जातो, दिवा विझतो, मन खूश. आणि फार जाड झालं तर रिलीफ व्हॉल्व उघडून तेच तेल परत चेंबरला जातं, बेअरिंगला जास्त मिळालं असं काही नाही. धुळ्याच्या भाषेत सांगू? तेल जाडं शे म्हनीसन इंजिन टिकंल, आसं काही नही.

आता कामाचं. ऑइल किती खाते गाडी? फिल्टर कधी बदलला? सेन्सर काढून तिथे काट्याचं गेज लावून प्रेशर मोजलं का?

सावदेकर_दहाचाकी | सोमवार, रात्री ८.५५

आबा नमस्कार. ऑइल-फिल्टर १४ हजार किमीपूर्वी बदललाय. गेज लावलेलं नाही. आणि ऑइल खाण्याचं म्हणाल तर गाडी एक थेंब खात नाही! दोन महिन्यांत वरून पावशेर टाकलं नाही. म्हणूनच तर वाटतं इंजिन अजून ठणठणीत आहे.

जिनिंगचं भाडं मारतो. टॉर्च मारून बघतो.

आबा_धुळे | सोमवार, रात्री ९.३०

पाच लाख चाळीस हजार चाललेलं इंजिन, भरती दिल्लीची, आणि एक थेंब खात नाही?

ऑइल मोजायची पट्टी काढून बघ. गाडी सपाट जागेवर, रात्रभर थंड झालेली. पातळी कुठे आहे ते लिही. आणि पट्टी नाकाला लाव.

नवशिक्या_चोपडा | सोमवार, रात्री ९.४८

थोडं विषयांतर. आमच्या क्लीनरनं मागच्या आठवड्यात पिकअपच्या इंजिनात अर्धा लिटर ९० नंबर ओतलं, गिअरचं. मालक म्हणतो ९० म्हणजे ४० च्या दुप्पट जाड, इंजिन जाम होईल. खरं का?

तापीकाठचा_इंजिनिअर | सोमवार, रात्री १०.१०

जाड म्हणून जाम होणार नाही. गिअर ऑइलच्या आकड्यांची मोजणी वेगळी आणि इंजिन ऑइलची वेगळी. गिअरचं ९० नंबर १०० अंशाला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असतं, म्हणजे इंजिनाच्या ४०-५० च्याच आसपास. मुद्दाम आकडे लांब ठेवलेत, गोंधळ होऊ नये म्हणून. झाला तरी.

पण ठेवू नका, काढून टाका. गिअर ऑइलमधली रसायनं दातांच्या दाबासाठी असतात, काजळी धरून ठेवायची ताकद त्यात नसते. चेंबर रिकामं करा, फिल्टर बदला आणि क्लीनरला रागावू नका, डबे शेजारी कोणी ठेवले ते बघा.

बल्करवाल्या दादांचं कालचं राहिलं. बीएस-६ ला धुराड्यात डीपीएफ असतो, काजळी गाळणारा. काजळी तो अधूनमधून जाळून टाकतो. पण ऑइल जळून जी राख होते ती जळत नाही, तिथेच साचत जाते. म्हणून तुम्हाला कमी राखेचं ऑइल लागतं, सीके-४ वगैरे. सीके-४ हा वर्ग डिसेंबर २०१६ पासूनचा, सीआय-४ हा २००२ चा. राखेचा धंदा करता म्हणून ऑइलची राख चालेल असं नाही. आकड्यांपेक्षा ही अक्षरं आधी वाचा, बादलीच्या मागच्या बाजूला बारीक छापलेली असतात. आणि एफए-४ दिसलं तर त्याला सीके-४ चा भाऊ समजू नका. ते मुद्दाम पातळ केलेलं आहे, पुस्तकात नाव असेल तरच.

भुसावळ_बल्कर | सोमवार, रात्री १०.२५

राख डोक्यावर, राख धुराड्यात. समजलं.

नवापूर_घाट | मंगळवार, सकाळी ६.४०

सुरत लाइनला असतो, कोंडाईबारीचा घाट रोजचा. डुप्लिकेट ऑइलचं कोणीच बोललं नाही. पॅकिंग असली आणि आत फिल्टर करून रंगवलेलं जुनं तेल, हे मला एकदा भोवलंय. हायवेवरच्या एका दुकानातून घेतलं होतं, ५ हजार किमीत बेअरिंग गेले. तेव्हापासून रिकामी बादली झाली की बुडाला भोक पाडूनच भंगारात देतो. सर्वो घ्या, मॅक घ्या, कोणतंही घ्या, पण पंपावरून किंवा ओळखीच्या डीलरकडून, बिल घेऊन.

सावदेकर_दहाचाकी | मंगळवार, सकाळी ७.०५

आबा, पट्टी काढली. पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे! ऑइल बदललं तेव्हा मी स्वतः खुणेला बरोबर भरलं होतं. वासाचं सांगता येत नाही, माझ्या नाकात केळीशिवाय काही शिरत नाही. बायको म्हणाली स्टोव्हसारखा वास आहे.

कापूस निघाला, उशीभर नाही पण उशीच्या खोळीभर.

आबा_धुळे | मंगळवार, सकाळी ७.३०

गाडी हलवू नको. वहिनीचं नाक बरोबर आहे.

चेंबरला तेल वाढतं म्हणजे दोनच गोष्टी. पाणी नाही तर डिझेल. पाणी असतं तर तेल दह्याच्या निवळीसारखं पांढुरकं झालं असतं आणि रेडिएटरचं पाणी कमी झालं असतं. तुझं डिझेल उतरतंय.

खात्री करायची तर पट्टीवरचा एक थेंब जाड टीपकागदावर सोड. नसेल तर लग्नपत्रिकेचा कोरा भाग चालेल, गुळगुळीत नको. सपाट ठेव, सावलीत, चार-पाच तास. मध्ये काळा गोळा, त्याच्याभोवती करडं वर्तुळ, हे कोणत्याही चाललेल्या तेलात येतं. काळं पडलं म्हणून घाबरायचं नाही, काजळी उचलून धरणं हेच तेलाचं काम. पण सगळ्यात बाहेर एक फिकट, पिवळट, कागद पारदर्शक झाल्यासारखी कडा आली तर ते डिझेल.

तापीकाठचा_इंजिनिअर | मंगळवार, सकाळी ९.१५

आबांना साष्टांग. मी आकडे लिहीत बसलो आणि पट्टीचं विचारायचं राहिलं.

हिशेब बघा. १८ लिटरच्या चेंबरमध्ये लिटरभर डिझेल म्हणजे ५ टक्क्यांच्या वर. एवढ्यानं ४० नंबरचं ऑइल सहज ३० नंबरच्या घरात उतरतं. तुमचा मिस्त्री "पाण्यासारखं झालंय" म्हणाला ना, तो डोळ्यानं बरोबर बघत होता. कारण तेवढं चुकलं. त्यानं उन्हाला धरलं.

आणि आता वीस-पन्नास टाकलं असतं तर काय झालं असतं? महिनाभर दिवा विझला असता. डिझेल उतरत राहिलं असतं, मग वीस-पन्नास पण पातळ झालं असतं, आणि पुढच्या वेळी दिवा लागला तेव्हा क्रँकला हात घालावा लागला असता.

डिझेल कुठून येतंय ते तुमच्या इंजिनावर. कॉमन रेलमध्ये इंजेक्टर टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत असेल तर त्याचा ओ-रिंग (रबरी कडी), नाहीतर हायप्रेशर पंपाच्या शाफ्टचं सील, नाहीतर एखादा इंजेक्टर सिलिंडरमध्ये डिझेल टाकतोय आणि ते रिंगांवरून खाली उतरतंय. शेवटचं असेल तर सकाळी पांढरा धूर आणि एक सिलिंडर मिसिंग जाणवेल.

सावदेकर_दहाचाकी | मंगळवार, दुपारी ३.५०

लग्नपत्रिका मावसभावाची होती, मागची बाजू कोरी. फिकट कडा आली. अगदी तेलकट कागदासारखी, उजेडात धरली तर बोट दिसतं.

धूर नाही, मिसिंग नाही. गाडी जागेवर उभी. केळीचा माल दुसऱ्याच्या गाडीत चढवला, भाडं गेलं. जाऊ दे.

अमळनेर_डाळमिल | मंगळवार, दुपारी ४.१०

भाऊ, भाडं गेलं, इंजिन राहिलं. इकडे आलात तर भरीत-भाकरी माझ्याकडे.

सावदेकर_दहाचाकी | १८ दिवसांनी, शनिवार, रात्री ९.१५

धागा वर आणतोय, शेवट सांगायचा राहिला होता.

मिस्त्री आधी ऐकेना. त्याला पत्रिका दाखवली. त्यानं ती उजेडात धरली, बोट मागे-पुढे केलं, मग काही न बोलता पाने घेऊन टॅपेट कव्हर खोलायला लागला. चौथ्या नंबरच्या इंजेक्टरचा ओ-रिंग कडक होऊन तडकलेला. नखानं दाबला तर बिस्किटासारखा तुटला. सहाच्या सहा बदलून घेतले, त्याच्यासोबत वॉशर. चेंबर रिकामं केलं तर १८ च्या जागी १९ लिटरच्या वर निघालं, डबे मोजून सांगतो.

आबा म्हणाले तसं काट्याचं गेज लावलं. जुनं तेल काढण्याआधी गरम इंजिनावर, आयडलला ०.५ बार होतं. पुस्तकात कमीत कमी ०.७ लिहिलंय. नवीन १५डब्ल्यू-४० सीआय-४ प्लस आणि नवीन फिल्टर टाकून, तेवढंच गरम करून, १.४ बार. त्यानंतर दिल्लीची एक फेरी झाली. भेरूघाट भर दुपारी चढलो, सिमरोलला त्याच टपरीवर मुद्दाम आयडलवर ठेवून दोन चहा घेतले. दिवा नाही.

पट्टी आता दर फेरीला बघतो. या फेरीत खुणेच्या जरा खाली गेली, साधारण पाऊण लिटर खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदा गाडीनं ऑइल खाल्लं म्हणून आनंद झाला.

मिस्त्री म्हणतो, "पुढच्या उन्हाळ्याला तरी वीस-पन्नास टाकून बघ." मी हो म्हणालो, त्याचं मन आहे.

बादली मात्र तशीच सीलबंद पडलीय. अमळनेरकर, तुमच्या गाडीला चालते ना?

अमळनेर_डाळमिल | शनिवार, रात्री ९.३२

पळते. बिल आहे का? आणि बुडाला भोक नाही ना पाडलं?

सावदेकर_दहाचाकी | शनिवार, रात्री ९.३५

बिल आहे. भरीत तुमच्याकडे, बादली घेऊन येतो.